जिवाणी

आक्काताईनं त्या दिवशी जिवाणी आडात सोडली नाही, एवढंच झालं. एरवी रोजचं ठरलेलं होतं. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, फडक्याला जे अडकलं असेल ते, डोळ्यांना दिसो न दिसो, गाळलेल्याच पाण्यानं हलकेच धुऊन वाटीत घ्यायचं आणि ज्या आडाचं पाणी त्याच आडात, दोरीला बांधलेल्या लहान कळशीनं, न आपटता खाली नेऊन सोडायचं. जीव जिथला तिथं. या वाटीतल्या पाण्याला जिवाणी म्हणत आणि ती पोचवणं हे आक्काताईचं काम होतं. म्हणजे दुसऱ्या कुणाला तिनं ते आजवर करू दिलं नव्हतं. पण त्या दिवशी आडावर चंदनबाला केस धूत बसली होती. चंदनबाला म्हणजे भावाची दुसरी बायको, अथणीकडची, लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. शिकेकाईचा वास मागल्या दारापर्यंत येत होता. तिथं जायचं म्हणजे दोन शब्द बोलायला हवे होते, आणि आक्काताईपाशी त्या सकाळी ते नव्हते. वाटी घेऊन ती दारात उभी राहिली, मग मागं फिरली. सोप्यातल्या कोनाड्यात बिस्किटाची काचेची बरणी होती आणि बरणीत तो मासा होता, तळाशी आडवा, कितीतरी दिवसांचा उपाशी. पाणी ते पाणीच, असं तिच्या मनात आलं. आडात सोडलं काय नि इथं सोडलं काय. तिनं वाटी कलंडली.

मासा हलला. इतके दिवस त्याचा रंग खरकट्या ताटाच्या पाण्यासारखा होता. तो सरळ झाला, वर आला आणि कोनाड्यात तिरप्या आलेल्या उन्हात तिला पहिल्यांदा दिसलं की जिवाणीत खरोखरच जीव असतात. इतकी वर्षं ती जे श्रद्धेनं सोडत आली होती ते केसाएवढं काळपट काहीतरी काचेआड वळवळत होतं. मासा थबकला, मान वाकडी केल्यासारखा झाला आणि त्यानं ते गिळलं. मग दुसरं. मग तो बरणीभर फिरू लागला आणि त्याच्या अंगावरून एक निळी झाक सरकत गेली. आक्काताईनं वाटी खाली ठेवली, परत उचलली. हात घालून थांबवावं असं तिच्या मनात आलं खरं, पण ते सगळं संपल्यावर आलं. तोवर तिच्या पोटात ऊन पेज गेल्यासारखं काहीतरी झालं होतं. ते काय होतं हे तिला दुपारी सामायिकाला, ध्यानजपाला, बसल्यावर कळलं, आणि कळल्यावर जपाचा मणी बोटाखालून निसटला तो पुन्हा कुठून धरायचा हे तिला समजेना. तिला आनंद झाला होता.

मासा नाथाजीचा. नाथाजी कोरेगावकडचा; त्याचा बाप हळदीच्या गाड्या घेऊन आक्काताईच्या भावाच्या, शांतिनाथच्या, पेढीवर येई आणि माल हरिपूरच्या पेवात, जमिनीखालच्या कोठारात, पडेपर्यंत याच घराच्या ओट्यावर मुक्काम करी. पोरगा पलटणीत गेला, लढाई संपल्यावर सयामात अडकून पडला आणि सुटून आला तेव्हा इतरांनी घड्याळं, छत्र्या, रेशमाचे ताके आणले नि यानं हा मासा. झुंजीचा. तिकडं म्हणे दोन नर एका भांड्यात सोडून लोक शर्यती लावतात. एवढा समुद्र ओलांडून आणलेला जीव त्यानं सांगलीत जैनाच्या घरी का ठेवावा, तर त्याचंही उत्तर त्याच्याकडे तयार होतं.

"आवं शेटजी, घरी न्हेला तर आमची म्हातारी आमसुलं टाकून कालवण करंल. तुमच्याइतकं सुरक्षित घर ह्या मुलखात हाय का दुसरं? खायाला काय बी घाला, खातोय त्यो."

काय बी म्हणजे काय, हे जैनाच्या ओसरीवर बसून सांगायला त्याची जीभ रेटली नसावी. आणि शांतिनाथला स्तुती अशी पचायची की त्यापुढं दुसरं काही विचारायचं त्याला सुचत नसे. झालं, घरात मासा आला. त्याला कणकेच्या गोळ्या घातल्या, चुरमुरे घातले, भिजवलेली मुगाची डाळ घातली. ते सगळं तळाशी जाऊन फुगलं, आंबलं. आक्काताई रोज पाणी बदलत राहिली आणि मासा रोज थोडा थोडा कमी होत गेला. तिला तो आवडत नव्हता. पण उपाशी माणूस दारात बसला की आतल्याचा घास अडतो तसं तिचं झालं होतं. एवढंच कारण होतं, असं ती नंतर स्वतःला सांगत राहिली, आणि सांगताना आडावरचं शिकेकाईचा वास येणारं डोकं सोयीनं विसरत राहिली.

दुसऱ्या दिवशी आड मोकळा होता. चंदनबाला बस्तीत, जिनमंदिरात, दर्शनाला गेली होती. आक्काताईनं पाणी गाळलं, फडकं उलटं धरून धुतलं, वाटी घेतली, मागल्या दारापर्यंत गेली आणि कोनाड्याकडं आली. या वेळी पाणी ते पाणीच असं काही मनात आणायची गरज पडली नाही. मासा काचेला तोंड लावून वाट पाहत होता. असं कुणी तिची वाट पाहिल्याला किती वर्षं झाली होती, हा हिशेब तिनं केला नाही. तो आपोआप झाला. साताऱ्यात, सासरी, माडीच्या जिन्यावर. सतराव्या वर्षी लग्न, पुरती दोन वर्षंही नाही टिकलं. नवरा भुसारी दुकानातून दिवेलागणीला परत येई, तोवर घरातली जेवणं आटोपलेली असत, चूल पोतेरलेली असे; दिवस मावळल्यावर या घरांत तोंडात काही घालत नाहीत. तो मात्र कंदी पेढे कागदात बांधून आणी आणि जिन्यातल्या अंधारात एकटाच खाई. एकदा त्यानं अर्धा पेढा तिच्यापुढं धरला. यवतेश्वराच्या डोंगराआड उजेड नुकता विझला होता, समोरचं काही दिसत नव्हतं, फक्त खरपूस दुधाचा वास होता. तिनं खाल्ला. अंधारात तो हसल्याचा आवाज आला. पुढल्या पावसाळ्यात तो विषमज्वरानं गेला आणि आक्काताईनं तो अर्धा पेढा स्वतःच्या नावावर मांडून घेतला. तेव्हापासून ती फेडत होती. एकभुक्त, चतुर्दशीचा उपास, हिरव्याचा त्याग, गाळलेलं पाणी. फेडणाऱ्याचा एक फायदा असतो, लोक त्याला मोठा मानतात. सांगलीतल्या पेठेत आक्काताईच्या सोवळ्याचा दबदबा होता आणि तो तिला, कबूल करायला हरकत नाही, लुगड्याच्या मऊ घडीसारखा अंगाला बरा वाटे.

मासा आता असा झाला की पाहणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. निळा, कडेला लाल, शेपटी नऊवारीच्या निऱ्यांसारखी सुटलेली. शांतिनाथ दाढीचा आरसा बरणीपुढं धरी आणि मासा स्वतःच्याच रूपावर कल्ले पिंजारून धावून जाई. आल्यागेल्याला हा खेळ दाखवल्याशिवाय शांतिनाथ चहा पाजत नसे आणि चहाबरोबर सांगे की हा मांसाहारी, झुंजीचा प्राणी आमच्या घरात कणकेवर राहिला. आक्काच्या हातची कणीक. गोष्ट पेठेत पसरायला वेळ लागला नाही. बस्तीतल्या पंडितांनी प्रवचनात हिंस्र जीवाच्या मनःपरिवर्तनाचा दाखला दिला, नाव न घेता दिला, म्हणजे सगळ्यांना कळेल असा दिला. बायका वळून आक्काताईकडं पाहू लागल्या. तिनं मान खाली घातली. तिची विनम्रता म्हणून लोकांनी त्याचंही पुण्य तिच्याच खात्यावर टाकलं.

इथंच खरी मेख होती. शांतिनाथचं दुसरं लग्न ठरल्यापासून घरात एका लांबच्या श्राविकाश्रमाचा, जैन विधवांच्या आश्रमाचा, विषय अधूनमधून निघत होता. शांतिनाथ वाईट माणूस नव्हता. बहिणीला जा म्हणणं त्याच्यानं झालं नसतं. तो फक्त जेवताना, मीठ वाढताना सांगावं तसं सांगे की तिथं शांतता फार, नदी जवळ, तुझ्यासारखीला मान मिळेल. आक्काताईला जायचं नव्हतं. का, ते तिला सांगता आलं नसतं. घर तिचं नव्हतं, भाऊ आता दुसऱ्या बाईचा होता, आणि ती दुसरी बाई घरात गुणगुणत फिरे, जास्तीची फोडणी घाली, आरशापुढं उभी राही. तरी रात्री अंथरुणाला पाठ टेकली की भिंतीपलीकडं माणसं आहेत हे कळणं, सकाळी कुणाच्या तरी चुलीचा धूर आपल्या डोळ्यांत जाणं, एवढ्यासाठी तिला इथंच मरायचं होतं. आजवर विषय टळत आला, कारण त्यात जोर नव्हता. आता माशानं जोर आणला. ज्या बाईच्या हातून मासा सुधारतो तिनं संसारी घरात दळण निवडत का बसावं, असं चार लोक बोलू लागले, आणि शांतिनाथला ते पटलेलं त्याच्या चालण्यात दिसू लागलं.

बरणी लहान पडते म्हणून त्यानं सिनेमावाल्याकडून जुन्या बॅटरीची काचेची पेटी आणवली, चांगली हातभर लांब. तीत कृष्णेची वाळू धुऊन घातली, शेवाळाचा झुबका लावला. मग त्याला वाटलं, एवढ्या जागेत एकटा जीव कंटाळेल. एकटेपणाबद्दल शांतिनाथला नव्या लग्नापासून फार कळवळा आला होता. त्यानं नगरपालिकेच्या हिवतापवाल्या माणसाला गाठून गप्पी मासे मागवले. बादलीभर आले. चिमूटभर अंगाचे, नरांच्या शेपट्यांवर रंगीत ठिपके. चंदनबालानं ओंजळीत धरून पाहिले आणि तिला हसू आवरेना. थोडे पेटीत सोडले, उरलेल्यांचं काय करायचं म्हणून शांतिनाथनं बादली आडात उपडी केली. पाणी स्वच्छ ठेवतात, असं तो हिवतापवाला म्हणाला होता. कसं स्वच्छ ठेवतात, हे शांतिनाथनं विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत ठिपकेवाल्या नरांच्या शेपट्या कुरतडलेल्या झाल्या होत्या. मातकट माद्यांकडं मासा ढुंकूनही पाहत नव्हता. आक्काताई पेटीपाशी बसून होती. तिला राग यायला हवा होता. तिला येत होती ती अस्वस्थता निराळीच होती, दात शिवशिवावे तशी. त्याच आठवड्यात नाथाजी आला. बंदरावर नोकरीला मुंबईस निघाला होता, मासा न्यायची भाषा त्यानं काढलीच नाही. पेटीपाशी वाकून तो बराच वेळ पाहत राहिला. शांतिनाथ पेढीवर होता, चंदनबाला आत.

"आक्का, बँकाकला मी लय बघितल्यात हे. पिठावर असा रंग चढत न्हाई."

"मग कशावर चढतो?"

"तुमास्नी ठावं हाय. मी कशाला बोलून पाप घिऊ?" तो हसला, पण लगेच गंभीर झाला आणि पेटीत बोट दाखवून सांगू लागला, बैल निवडताना सांगावं तसं. "हे ठिपक्यावालं काढून टाका. झगमगीत शेपटीचं ह्येच्यासंगं चालत न्हाई, आन ह्येच्या जातीचा दुसरा तर न्हाईच न्हाई. गोगलगाय ठेवा. मिशावालं बारीक मासं असत्यात बगा नदीत, वाळूत तोंड घालून बसत्यात, ते ठेवा. तळाला गप ऱ्हानारं, रंग नसल्यालं, ह्येच्या तोंडाम्होरनं न फिरनारं. मग निभतंय."

साताऱ्याहून तिला परत आणलं तेव्हा आईनं मिरजेच्या ठेसनात, सामानावर बसून, अगदी याच क्रमानं सांगितलं होतं. गप राहा, अंगावर रंग नको, भावाच्या वाटेत येऊ नको. आईचा आवाज तेव्हा बसलेला होता. आक्काताई उठली आणि पाणी आणायला म्हणून आत गेली, आणि आत जाऊन कशाला आलो ते विसरली. नाथाजीनं जाण्याआधी ठिपकेवाले नर वाटीनं काढून आडात पोचवले. दुसऱ्या दिवशी नदीवरून कुणाकडून तरी गोगलगाय आणि दोन मिशाळ मासे आले. माशानं गोगलगाईची शिंगं एकदा चाखून पाहिली, तिनं ती आत घेतली, आणि पेटीत नांदणूक सुरू झाली.

पण आता फडक्याला काही अडकेना. आक्काताई पाणी गाळी, फडकं उन्हात धरी, फडकं कोरं. आडातल्या गप्पींनी आड खरोखरच स्वच्छ केला होता. इतकी वर्षं ती ज्यांना हळुवार खाली सोडत होती ते सगळे जीव शांतिनाथच्या एका बादलीतल्या माशांच्या पोटात गेले आणि त्याला त्याची वार्ताही नव्हती; तो त्याच दिवशी बस्तीत पूजेला पहिला उभा होता. मासा पुन्हा मंदावला. काचेला तोंड लावून राही, मग तेही सोडलं. आक्काताईला एका जागी बसवेना. ती तुळशीच्या वाफ्यापाशी जाई, परसातल्या दगडी डोणीत डोकावे, फुटक्या घागरीत साठलेलं पाणी हलवून पाही आणि आपण काय शोधतो आहोत हे ध्यानात आलं की पदर खोचून भलतंच काम काढी. आजवर ती जिवाणी पोचवत होती. चुकीच्या जागी का असेना, पोचवत होती. आता जे होतं त्याला ते नाव देता येत नव्हतं.

आश्रमाच्या बाई आल्या त्या याच दिवसांत. पांढरं लुगडं, आवाज गोड, डोळे सगळीकडं फिरून माणसाचं वजन करणारे. त्यांनी पेटी पाहिली, हात जोडले, आणि आक्काताईला म्हणाल्या की आमच्याकडं पाकशाळेची जबाबदारी घ्यायला अशीच निर्मळ हाताची बाई हवी आहे. शांतिनाथ बहिणीकडं पाहत नव्हता, आढ्याकडं पाहत होता. आक्काताईनं विचार केला. एक वाक्य बोललं की हे सगळं थांबलं असतं. माझे हात तसे नाहीत, एवढंच. मग तिला कुणी नेलं नसतं, आणि उद्यापासून बस्तीत तिच्या शेजारची जागा रिकामी राहिली असती. न बोललं तर मान शाबूत राहणार होता आणि घर जाणार होतं. बाईंसाठी दूध आणायला म्हणून ती स्वयंपाकघरात आली. चंदनबाला चुलीपाशी बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"आक्का, तुमी गेलासा तर त्या माशाला खायला कोण घालणार? माझ्यानं ते व्हायचं न्हाई."

"कणीक मळता येते की तुला."

"कणकेचं न्हाई म्हणत मी." चंदनबालानं दुधावरची साय चमच्यानं कडेला सारली. "त्या दिवशी मी केस धूत होतो, मागलं दार उघडं होतं. तवापासनं बघतोय. कुणाला बोललो न्हाई."

आक्काताई उभी राहिली. वर्षभर तिनं या पोरीचा सगळा जमाखर्च मांडला होता. फोडणी, आरसा, गुणगुण, उशिरा उठणं, एकही रक्कम सोडली नव्हती. आणि या पोरीनं एवढी मोठी गोष्ट हातात घेऊन साधी मूठही आवळली नव्हती. त्या गोष्टीचा धाक घालून एका शब्दानं तिला हे घर मोकळं करून घेता आलं असतं. आता तर तोही लागत नव्हता, नुसतं गप्प बसलं की पुरे. आक्काताईला तिचे आभार मानावेसे वाटले नाहीत, तिला मारावंसं वाटलं, आणि मग ती पाटावर बसली.

"का बोलली नाहीस?"

"घरात मला तुमी हायसा, दुसरं कोण हाय? ह्यांचं बोलणं म्हंजे हळदीचा भाव." तिनं पेला पुढं केला. "दूध निवतंय. नेतासा का मी नेऊ?"

आक्काताईनं नेलं. पेला बाईंच्या पुढं ठेवला आणि उभ्या उभ्याच भावाला म्हणाली, "शांता, मी जात नाही."

शांतिनाथनं कारण विचारलं, बाईंनी गोड आवाजात विचारलं, मग थोड्या कमी गोड आवाजात विचारलं. तिनं काही सांगितलं नाही. नको तेवढं खरं सांगून मोठं व्हायचं तिला नव्हतं, आणि खोटं तर आजवर पेठेनंच तिच्यावतीनं पुरेसं सांगितलं होतं. बाई संध्याकाळच्या गाडीनं गेल्या. शांतिनाथ जेवायला बसला. मीठ त्यानं स्वतःच घेतलं.

सकाळी आक्काताईनं पाण्याचं फडकं धुऊन, घडी घालून चंदनबालापुढं ठेवलं. आजपासून तू, म्हणाली. चंदनबालानं फडक्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि नको म्हणायला तोंड उघडलं, पण आक्काताईनं मान हलवली. घराला पाजायचं पाणी आता आपल्या हातून जाऊ नये, एवढं तिला पक्कं कळत होतं; बाकी फार थोडं कळत होतं. पोरीनं गाळलेलं पाणी ती ओसरीवर बसून प्याली. फडकं नीट दुहेरी धरलं नव्हतं, कडेनं थोडं पाणी तसंच गेलं असणार, ते तिला दिसलं होतं. मग तिनं जुन्या लुगड्याचा एक पातळ तुकडा फाडून घेतला, तांब्या घेतला, आणि पुढल्या दारानं बाहेर पडली.

टांग्याच्या अड्ड्यावर घोड्यांना पाणी पाजायचा दगडी हौद होता. बाजूनं ती रोज जात असे, नाकाला पदर लावून. आज ती कडेला उकिडवी बसली. पाणी हिरवट होतं, वर भुसा तरंगत होता आणि कोपऱ्यात, जिथं घोड्याचं तोंड पोचत नाही, तिथं ते केसाएवढे वळवळणारे होते, भरपूर होते. तिची सावली पडताच सगळे खाली गेले. टांगेवाला घोडं सोडून आणत होता, तिला बघून थबकला.

"काय पडलं का आक्का हौदात?"

"नाही रे. माशाला खायला न्यायचंय."

त्यानं तिच्या हातातल्या फडक्याकडं पाहिलं, हौदात पाहिलं, आणि घोडं दोन पावलं मागं घेतलं. समोरच्या बोळातून बस्तीतून परतणाऱ्या बायका येत होत्या, पूजेची तबकं हातात. पुढलीनं तिला ओळखलं होतं. खाली गेलेले श्वास घ्यायला वर येतात, थोडं थांबावं लागतं, हे आक्काताईला ठाऊक होतं. तिनं पदर डोक्यावर सारखा केला, फडक्याची दोन टोकं दोन्ही हातांत धरली आणि पाणी निवळायची वाट बघत तिथंच बसून राहिली.